मानेवरची गाठ आणि पुढची पन्नास वर्षं

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 13 लाख भरली. त्यात चौदा वर्षांपर्यंतची मुलं तीन लाख धरली आणि दर दहा लाख मुलांमागे वर्षाला शंभरेक कर्करोग असा ढोबळ हिशेब लावला, तर आर्वीपासून हिंगणघाटपर्यंतच्या आठही तालुक्यांत मिळून वर्षाला तीसेक मुलांना हा आजार गाठतो. त्यात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेली मुलं तीन-चार. समुद्रपूरला किंवा कारंज्याला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना सगळ्या कारकिर्दीत असं एखादंच मूल भेटणार, कदाचित तेही नाही. मानेला गाठ आलेली मुलं मात्र त्यांच्याकडे नेहमीच येतात. डोक्यात फोड झाले की मानेमागे गाठी, दात किडला की जबड्याखाली, पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधान. आणि या सगळ्यांच्या मागे उभा क्षय. गंडमाळ हा शब्द आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतो.

मुलांच्या लिम्फोमाची विदर्भातली अडचण इथेच सुरू होते. आजार दुर्मीळ, आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार घरोघरचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण कर्करोग म्हटलं की वाचणाऱ्याचं पुढचं लक्षच उडतं. मुलांचा लिम्फोमा बरा होतो. हॉजकिन लिम्फोमा झालेली शंभरातली पंचाण्णव मुलं आज युरोप-अमेरिकेत पाच वर्षांनंतर जिवंत असतात. भारतातल्या चांगल्या केंद्रांत ज्यांचे उपचार पूर्ण होतात त्यांचे आकडेही यापासून फार लांब नाहीत. म्हणूनच मोठ्यांच्या कर्करोगात सहसा न पडणारा एक प्रश्न इथे पडतो: बरं झालेलं हे मूल पुढची पन्नास-साठ वर्षं कशी जगणार? डॉक्टर उपचार ठरवतात तेव्हा निम्मा विचार या प्रश्नाचाच असतो. पालकांपर्यंत तो क्वचित पोचतो.

वर लावलेला हिशेब अंदाजाचा असला, तरी कायम अंदाजावरच थांबायची वेळ वर्ध्यावर नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात वर्धा जिल्ह्याची स्वतंत्र लोकसंख्याधारित नोंदणी आहे आणि ती सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून चालते. अशी देशातली पहिली नोंदणी मुंबईत 1963 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. अशा नोंदणीत रुग्णानं उपचार कुठे घेतले याला महत्त्व नसतं, तो राहणारा कुठला हे पाहिलं जातं. देवळीच्या मुलाला नागपुरात किमो दिली किंवा मुंबईत, तरी तो वर्ध्याच्याच खात्यावर. मोठ्या शहरांच्या नोंदणीपेक्षा अशा खेड्यापाड्यांच्या जिल्ह्याची नोंदणी मला जास्त मोलाची वाटते. शहरात निदान झालेला रुग्ण दिसतोच. खेड्यात निदानाशिवाय गेलेलं मूल कुणालाच दिसत नाही.

लसिकाग्रंथी म्हणजे शरीराच्या चौक्या. मान, बगल, जांघ, छातीची मधली जागा आणि पोट अशा ठिकाणी त्या जागोजाग असतात आणि त्यांत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी राहतात. जंतू आला की या पेशी वाढतात, ग्रंथी सुजते, दुखते आणि काम संपलं की बसते. लिम्फोमात यांतलीच एखादी पेशी बिघडते आणि थांबायचं विसरते. मुलांमध्ये याचे मुख्य प्रकार तीन, आणि तिघांचे स्वभाव एकमेकांपासून अगदी वेगळे.

पहिला हॉजकिन. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरनं 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं. हा सावकाश चालतो. मानेवर एक गाठ येते, रबरासारखी, न दुखणारी. महिनोन्‌महिने ती तशीच राहते, कधी थोडी कमी होते, पुन्हा वाढते. काही मुलांना संध्याकाळचा ताप येतो, रात्री उशी भिजेपर्यंत घाम येतो, वजन उतरतं. श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः किशोरवयात आणि तरुणपणी दिसतो. आपल्याकडे सात-आठ वर्षांच्या मुलांतही तो बराच आढळतो, मुलग्यांत अधिक, आणि त्यांच्या गाठीत बहुतेक वेळा एपस्टाइन-बार विषाणूच्या खुणा सापडतात. हा विषाणू आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला लहानपणी होऊन जातो, म्हणून त्याच्या नावानं घाबरायचं कारण नाही.

दुसरा बर्किट. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकानं युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींबद्दल 1958 मध्ये लिहिलं. आपल्याकडे तो जास्त करून पोटात दिसतो. माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगवान कर्करोगांपैकी हा एक आहे. एक-दोन दिवसांत पेशींची संख्या दुप्पट होऊ शकते. सोमवारी पोट दुखतं म्हणून आणलेल्या मुलाचं पोट शुक्रवारी फुगलेलं असतं. इथे पुढच्या आठवड्यात बघू असं म्हणून चालत नाही.

तिसरा लिम्फोब्लास्टिक. याची गाठ बरेचदा छातीत, श्वासनलिकेच्या पुढ्यात वाढते. मूल आडवं झोपलं की खोकतं, धापतं. उशांना टेकून बसलं की बरं वाटतं. हे लक्षण दम्यासारखं दिसतं, आणि दम्यासाठी स्टेरॉइड दिलं तर गाठ चार दिवस विरघळते. सगळे सुस्कारा सोडतात. प्रत्यक्षात पुरावा पुसला गेलेला असतो. नंतर बायोप्सी केली तर पेशी धड ओळखू येत नाहीत. म्हणून झोपल्यावर धापणाऱ्या मुलाला स्टेरॉइड देण्याआधी छातीचा साधा एक्स-रे काढावा. तालुक्याच्या गावी मिळणारी, थोड्या पैशांची ही तपासणी आहे.

आता गंडमाळेकडे. मानेची गाठ दिसली की क्षयाचा संशय घेणं आपल्या मुलखात चुकीचं नाही. चूक होते ती पुढे. तपासणीशिवाय टीबीचं औषध सुरू करून बघू म्हणण्यात. हॉजकिनची गाठ आपण होऊनही कमी-जास्त होत असल्यामुळे पहिल्या महिन्यात औषध लागू पडल्यासारखं वाटतं. मग कोर्स पुरा करायचा म्हणून सहा महिने जातात, आणि पहिल्या टप्प्यातला आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचतो. सुईनं पाणी काढणं, म्हणजे एफएनएसी, क्षयाच्या निदानाला पुष्कळदा पुरतं, लिम्फोमाला पुरत नाही. लिम्फोमात नुसत्या सुट्या पेशी पाहून भागत नाही, ग्रंथीची सगळी ठेवण पाहावी लागते. त्यासाठी अख्खी गाठ काढावी लागते.

आणि इथे घरातलं म्हातारं माणूस मध्ये पडतं. “दुखत त नाई जी, मंग कायले कापाचं?” हा सवाल अगदी रास्त आहे, कारण दुखणं म्हणजे आजार हीच आपली समज. पण गाठींच्या बाबतीत उलटं असतं. दुखणारी, लाल, गरम गाठ बहुधा जंतूंची असते. न दुखणारी, टणक, महिन्या-दीड महिन्यानंतरही न बसलेली, दोन सेंटिमीटरहून मोठी गाठ संशयाची. आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ असेल तर आकार न बघताच संशयाची. सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही दुसरी समजूत. लिम्फोमाच्या बायोप्सीनं तो पसरत नाही. बायोप्सी टाळल्यामुळे मात्र त्याला पसरायला वेळ मिळतो.

काढलेली गाठ फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात आणि ती बाटली अनेकदा नातेवाइकाच्याच हातात देतात. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली अशी बाटली मांडीवर धरून एसटीनं निघालेली माणसं वर्धा-नागपूर रस्त्यावर नवीन नाहीत. प्रयोगशाळेत तिचा मेणातला ठोकळा होतो. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या पातळ चकत्या काचेवर चढवतात, त्या स्लाइड. मोठ्या रुग्णालयात गेलं की पहिला प्रश्न हाच असतो: ब्लॉक आणि स्लाइड आणल्या का? त्या नसतील तर दुसरी फेरी, काही वेळा दुसरी शस्त्रक्रिया. बायोप्सी झाली त्या ठिकाणाहून रिपोर्टबरोबर हे दोन्ही मागून घ्यावं.

वर्ध्याच्या माणसाला कर्करोगाच्या उपचारासाठी पूर्वीइतकं भटकावं लागत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय 1940 च्या दशकातलं. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी तिथेच 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, आणि आज तिथे किरणोपचाराचा विभाग आहे. सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, आणि वर्ध्याहून नागपुरात शिरण्याआधीच, जामठ्याला, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. अवघड केस असली की मुंबईचं टाटा. मुंबईला रात्रीच्या गाडीनं जायचं. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये रेल्वेची शंभर टक्के सवलत आहे आणि सोबत्याला पंच्याहत्तर टक्के. दवाखान्याचं प्रमाणपत्र मात्र आधी घ्यावं लागतं. दादरला उतरलं की विदर्भातल्याच गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटामध्ये येणाऱ्या रुग्णांनी ती कायम भरलेली असते.

उपचाराची कथा सुरू होते ती युद्धातल्या विषापासून. मोहरीच्या वायूशी नातं असलेलं नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन 1942 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं आणि गाठी वितळल्या. पुढे त्या परतल्या, पण औषधानं कर्करोग हटतो हे पहिल्यांदा दिसलं. दुसरा धागा आपल्या अंगणातला आहे. मादागास्करहून जगभर पसरलेल्या सदाफुलीची पानं मधुमेहावर चालतात का हे 1950 च्या दशकात कॅनडात तपासत होते. साखर उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन मिळालं. आज बहुतेक प्रत्येक लिम्फोमाच्या मुलाला यांपैकी एक तरी औषध मिळतं. हे वाचून कुणी सदाफुलीचा काढा उकळायला घेऊ नये. टनावारी पानांतून हे द्रव्य ग्रॅमांत निघतं, आणि ते शुद्ध करून, तोलून, शिरेतूनच द्यायचं असतं.

1970 च्या सुमारास अमेरिकेत चार औषधांचं ‘मॉप’ आणि 1975 मध्ये मिलानच्या बोनादोना यांचं ‘एबीव्हीडी’ आलं आणि हॉजकिन बरा होणारा आजार ठरला. पण त्या काळच्या मुलांनी त्याची किंमत मोजली. आजार कुठवर पसरलाय हे कळावं म्हणून पोट उघडून प्लीहा काढून टाकत. ते मूल जन्मभर साध्या जंतुसंसर्गाला भिऊन राही. मान आणि छातीवर मोठ्यांच्या मापानं किरण देत. मूल वाचे, पण मान बारीक आणि खांदे अरुंद राहत, कारण वाढत्या हाडाला किरण सोसत नाहीत. ‘मॉप’मधल्या प्रोकार्बझिननं मुलगे वंध्य होत. गेल्या चाळीस वर्षांतलं बालकर्करोगाचं संशोधन बरंचसं काढून घेण्याचं संशोधन आहे: काय काय वगळलं तरी मूल बरं होतं? युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत किमोच्या पहिल्या दोन सायकलींनंतर, म्हणजे फेऱ्यांनंतर, पेट स्कॅन करून ज्यांचा आजार चांगला उतरला होता त्यांना किरण दिलेच नाहीत. निम्म्या मुलांचे किरण वाचले आणि निकाल बिघडला नाही. त्याच उपचारात प्रोकार्बझिनच्या जागी डाकार्बझिन आलं. भारतातही बालकर्करोगतज्ज्ञांच्या इन्पॉग या गटानं अनेक रुग्णालयं मिळून हॉजकिनसाठी अशीच प्रतिसाद पाहून उपचार ठरवणारी चाचणी हाती घेतली.

बर्किटची तऱ्हा उलटी. तिथे कमी करून चालत नाही. चार ते सहा महिने, कडक डोस, बराच काळ वॉर्डातच मुक्काम. पहिल्या आठवड्यातला धोका तर औषध लागू पडल्याचाच असतो: लाखो पेशी एकदम मरतात, त्यांतलं पोटॅशियम आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. म्हणून किमोच्या आधीपासून सलाईनचा मारा आणि दर काही तासांनी रक्ततपासणी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जास्त धोक्याच्या मुलांना किमोबरोबर रिटुक्सिमॅब दिल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण 82 वरून 94 टक्क्यांवर गेलं. याच औषधाची देशी आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं 2007 मध्ये काढली होती, त्यामुळे ते आपल्या आवाक्यात तरी आलं.

भारतानं नुसतं उसनं घेतलं असं नाही. 1984 पासून टाटा, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेतल्या इयन मॅग्रॅथ यांच्या सोबतीनं एमसीपी-841 हा ल्युकेमियाचा आणि लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा उपचारक्रम आखला. त्याच्या जोडीचा एमसीपी-842 मुलांच्या इतर नॉन-हॉजकिन लिम्फोमांसाठी. टाटामध्ये या कामाच्या आघाडीवर डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून वॉर्ड फिरायचा. आपल्या मुलांचं कुपोषण, रक्तपेढीची ओढाताण आणि उशिरा येणारे रुग्ण धरून केलेला हिशेब, हे या उपचारक्रमांचं खरं मोल.

वॉर्डातली भाषा आई-बापांना आठवड्याभरात येते. सायकल, काउंट, पाठीतलं इंजेक्शन. डॉक्सोरुबिसिनला सगळे लाल औषध म्हणतात. ते दिल्यावर लघवी लाल होते. ते रक्त नसतं, हे आधी सांगितलं नाही तर आईची रात्र जाते. व्हिन्क्रिस्टिन नसांवर उतरतं. एके दिवशी आई सहज सांगते की याची चप्पल चालता चालता निसटून मागे राहते. डॉक्टर मुलाला टाचांवर चालायला सांगतात. चवडे वर उचलले जात नसतील तर पावलाची नस थकली आहे, आणि डोसचा विचार करावा लागतो. आईनं चपलेचं सांगितलं नसतं तर हे कुठल्याच रिपोर्टात दिसलं नसतं. आणि एक नियम लाल अक्षरांत: काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडलेले असताना ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री निघायचं. आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावातून रात्री दोनला निघणं म्हणजे काय, हे शहरातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. गावात गाडी कुणाची, फोन कुणाला, हे पहिल्याच सायकलनंतर ठरवून ठेवलेलं बरं.

आपल्याकडे मुलं केवळ औषध लागू न पडल्यामुळे जात नाहीत. उपचार अर्धवट सुटल्यानंही जातात. दोन-तीन सायकलींत गाठ दिसेनाशी होते. बापाला वाटतं, बरा झाला. तोवर कापूस वेचणीला आलेला असतो, धाकट्या मुलीला आजीकडे ठेवून महिने उलटलेले असतात, आणि उधारी वाढलेली असते. टाटा रुग्णालयात 2009 च्या सुमाराला पाचातलं एक मूल उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत असे. राहण्याची सोय, खाण्याचा खर्च, समुपदेशन आणि न आलेल्याला फोन करून शोधून काढणारी माणसं, एवढ्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आत आलं. नव्या औषधानं इतका फरक क्वचितच पडतो.

पैशाचा प्रश्न वर्ध्यानं फार आधी हाताळून पाहिला होता. सेवाग्रामच्या रुग्णालयानं 1970 च्या दशकाअखेरीस आसपासच्या गावांत आरोग्य विमा काढला, त्याचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगीला, ऐपतीप्रमाणे. डॉ. उल्हास जाजूंचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. आज सरकारी योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती नोव्हेंबर 2013 मध्ये वर्ध्यासह उरलेल्या राज्यात आली, 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा 2024 पासून पाच लाखांवर गेली. किमो आणि किरण तीत बसतात. भरती होण्याआधी आरोग्यमित्राला गाठून कुठली तपासणी बसते, कुठली नाही, हे विचारून घ्यावं. प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत नसते.

समजा, हे सगळं पार पडलं. केस परत आले, शाळा सुरू झाली. पाच वर्षं झाली, डॉक्टर हसून म्हणाले, आता वर्षातून एकदा या. इथे बहुतेक घरांत फाइल कपाटाच्या वरच्या खणात जाते.

टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी 1991 मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला, ‘ॲक्ट क्लिनिक’. देशातला असा तो पहिला. तिथे येणारी मुलं आजारी नसतात. ती मोठी होत असतात. तिथूनच वाढलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट 2009 पासून इंडियन कॅन्सर सोसायटीबरोबर काम करतो. या दवाखान्यात काय पाहतात, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी हृदय. लाल औषध हृदयाच्या स्नायूला जे करतं ते त्या वेळी दिसत नाही, दहा-वीस वर्षांनी दिसतं. आयुष्यभरात मिळालेला एकूण डोस जेवढा जास्त तेवढी जोखीम जास्त. शरीराच्या दर चौरस मीटरमागे 250 मिलिग्रॅमच्या पुढे विशेष. छातीला किरणही मिळाले असतील तर दुप्पट काळजी. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयानं हॉजकिनमधून बरे झालेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा पन्नाशीपर्यंत सुमारे 45 टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झालेला आढळला. इतरांमध्ये हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास होतं. ही जुन्या, जड उपचारांची माणसं. आजच्या मुलांचे आकडे यापेक्षा चांगले येतील अशी आशा आहे, पण आजची मुलं पन्नाशीला पोचेपर्यंत ते कळणार नाही. दर काही वर्षांनी इको करणं एवढंच हातात आहे, आणि तो वर्ध्यात होतो.

मानेला किरण मिळालेल्यांची थायरॉइड मंदावते. मूल सुस्त होतं, जाड होतं, अभ्यासात मागे पडतं. आपल्याकडे याला कमजोरी म्हणतात आणि दोन सलाईन लावतात. वर्षातून एकदा टीएसएच केला तर रोजच्या एका गोळीत प्रश्न सुटतो. छातीला जास्त किरण मिळालेल्या मुलींमध्ये स्तनाच्या कर्करोगाची जोखीम इतकी वाढते की जुन्या उपचारांच्या पिढीत पन्नाशीपर्यंत साधारण तिघींत एकीला तो झाला. म्हणून त्यांची तपासणी पंचविशीतच, किंवा किरणांनंतर आठ वर्षांनी, यांत जे उशिरा येईल तेव्हा सुरू करायची असते. ज्या वयात कुणाही डॉक्टरच्या मनात मॅमोग्राफी येत नाही त्या वयात. ब्लिओमायसिन हे किमोचं औषध मिळालेल्यांची फुप्फुसं धूर सोसत नाहीत. आणि खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी! वर्धा जिल्ह्यात दारूबंदी 1970 च्या दशकापासून आहे. खर्ऱ्यावरही राज्यभर बंदी आहे, पण शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीला ती कुणी सांगितलेली दिसत नाही. मानेला किरण घेतलेल्या पोरानं सोळाव्या वर्षी खर्रा सुरू करणं ही बरं झालेल्या लिम्फोमाची मी पाहिलेली सर्वांत वाईट थट्टा आहे. त्याला हे दरडावून नाही, आकड्यांसह सांगावं. ही मुलं आकडे समजून घेतात, आयुष्य काउंट बघण्यात गेलेलं असतं.

मूल होण्याचा प्रश्न उपचाराच्या आधीच विचारायचा असतो. वयात आलेल्या मुलाचं वीर्य पहिल्या किमोपूर्वी गोठवून ठेवता येतं. नंतर विचारून उपयोग नाही. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलासमोर हे बोलायला बाप लाजतो, डॉक्टरही चटकन विषय काढत नाहीत. दिलासा असा की बरे झालेल्यांना पुढे मुलं झाली तर त्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त नसतात. मोठ्या अभ्यासांनी हे दाखवलं आहे.

हा दिलासा मुलींच्या लग्नाच्या बाजारात पोचलेला नाही. स्थळं पाहायला सुरुवात झाली की घरची माणसं आजार लपवतात. काही घरांत फाइल फाडून, जाळून टाकतात. मुलगी सासरी जाते, दिवस राहतात. तिच्या हृदयानं आठव्या वर्षी लाल औषध घेतलंय हे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसतं, आणि गरोदरपणात हृदयावर भार वाढतो तेव्हा एक इको करून जे टळलं असतं ते तातडीच्या वॉर्डात पोचतं. नवऱ्याला सांगावं की नाही हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. मी सांगावं या बाजूचा आहे. पण डॉक्टरांना सांगण्याबाबत दोन मतं असू नयेत.

म्हणून शेवटची सायकल झाली की उपचारांचा सारांश मागून घ्या. त्यात आजाराचं पूर्ण नाव आणि टप्पा, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडचा एकूण डोस, किरण कुठे आणि किती ग्रे, शस्त्रक्रिया आणि रक्त चढवल्याच्या नोंदी, एवढं हवं. एक-दोन पानांत मावतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांत द्यावी लागतात. ती जपून ठेवण्याचं डॉक्टरांवरचं बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचं आहे.